मेंढीच्या मेंदूची लस

कुत्रा चावलेला एक माणूस. पोटावरची इंजेक्शनं चालू आहेत, नववं किंवा दहावं झालं आहे. एका सकाळी तो उठायला जातो, तर पाय साथ देत नाहीत. संध्याकाळपर्यंत कमरेखालचं अंग लुळं पडतं, लघवी अडते. घरचे त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात आणतात आणि न्यूरॉलॉजिस्टला बोलावलं जातं. विसाव्या शतकात पुण्या-मुंबईपासून देशभरच्या सरकारी वॉर्डांत असे रुग्ण येत राहिले. भारतीय न्यूरॉलॉजीपुढे त्या शतकात उभा राहिलेला सगळ्यांत निष्ठुर प्रश्न माझ्या मते हाच.

कारण त्याची उत्तरं तीन होती. रेबीज सुरू झालेला असू शकतो. हा रोग दर वेळी पाण्याच्या भीतीने आणि पिसाळण्यानेच येतो असं नाही. काही रुग्णांत तो गुपचूप पायांपासून लुळेपणा आणत वर चढतो, आणि मग माणूस वाचत नाही. दुसरी शक्यता गिलेन-बारे या आजाराची. त्याचा कुत्र्याशी काही संबंध नसतो आणि रुग्ण बहुधा सावरतो. तिसरी शक्यता अशी, की हे सगळं लशीने केलं आहे. तिसरं उत्तर खरं असेल तर इंजेक्शनं ताबडतोब थांबवून स्टेरॉइड द्यायला हवं. पण स्टेरॉइडने शरीराची प्रतिकारशक्ती दबते. कुत्रा खरोखर पिसाळलेला असेल आणि लस अर्ध्यावर सोडली, तर डॉक्टरच्याच हातून रोगाला वाट मोकळी होते. जिवंतपणी निर्णय देणारी खात्रीची चाचणी हाती नव्हती. इटलीच्या अदेल्की नेग्री यांनी १९०३ साली मेंदूच्या पेशींत दाखवलेल्या खुणेच्या कणिका सूक्ष्मदर्शकाखाली दिसत, पण त्या रुग्ण गेल्यावर.

ही लस आली कुठून, आणि ती जायला इतकी वर्षं का लागली, हे सांगण्यासाठी थोडं मागे जायला हवं.

रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. जखमेतल्या स्नायूंत तो मुक्काम करतो, तिथल्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या आतल्या आत मज्जारज्जूच्या दिशेने सरकत राहतो. हा प्रवास संथ असतो. चावा पायाला असेल तर लक्षणं दिसायला एक ते तीन महिने, क्वचित त्याहूनही जास्त लागतात. चेहऱ्यावरचा चावा असेल तर वेळ फार थोडा मिळतो. मेंदू गाठल्यावर विषाणू उलट वाटेने लाळग्रंथींत उतरतो आणि पुढच्या चाव्याची तयारी होते. पाण्याला भिणारा रुग्ण वाचत नाही, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही आहे. वैद्याला करण्यासारखं जे काही आहे ते त्या आधीच्या संथ प्रवासातच, हे मात्र लुई पाश्चर यांनी ओळखलं. ६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातल्या जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला त्यांनी पहिलं इंजेक्शन देववलं. विषाणू काचेच्या भांड्यात वाढवण्याची विद्या तेव्हा नव्हती. तो फक्त जिवंत मज्जासंस्थेत वाढे. म्हणून पाश्चर यांनी बाधित सशांचे मज्जारज्जू सुकवले, त्यांचा द्रव केला आणि तोच टोचला. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच या उपचारात जनावराची मज्जा माणसाच्या शरीरात जात होती. त्या वेळी त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, आणि वाटण्याचं कारणही नव्हतं, कारण मुलगा जगला होता.

पाश्चर यांच्या यशानंतर चारच वर्षांनी, डिसेंबर १८८९ मध्ये, भारतातली पहिली सरकारी जीवाणू-प्रयोगशाळा निघाली ती पुण्यात. सायन्स कॉलेजच्या, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आवारात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. पण तिचं काम जनावरांच्या रोगांचं, त्यातही गुरांच्या बुळकांडीचं. सांसर्गिक रोगांवरचे प्रयोग भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. पुण्यात पुन्हा विषाणूंवर काम करणारी मोठी संस्था यायला जवळजवळ साठ वर्षं जायची होती. मुंबईत १८९७ साली वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस केली. ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले, पण प्लेगपुढे त्यांना दुसरं काही पाहायला उसंत नव्हती. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरच्या रागातून प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. सरकारी डॉक्टर आणि त्याची सुई यांच्याकडे हे शहर तेव्हा कोणत्या नजरेने पाहत होतं, हे वेगळं सांगायला नको.

पिसाळलेला कुत्रा चावलेल्या गोऱ्या सैनिकाला त्या काळी बोटीने पॅरिसला धाडत. देशी माणसाला ती वाट नव्हतीच. ऑगस्ट १९०० मध्ये सिमल्याच्या वाटेवर कसौलीला भारताची पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट उघडली. पुण्याहून तिथवर हजार मैलांहून जास्त अंतर, रेल्वे कालक्यापर्यंत आणि पुढे डोंगर. दक्षिणेकडून तर आणखी लांब. १९०२ साली लिली पॅकनहॅम वॉल्श ही तरुणी दक्षिणेत रेबीजने वारली. तिला कसौलीला वेळेत पोचवणं जमलं नव्हतं. तिच्या मृत्यूनंतर मद्रास इलाख्यात हळहळ उठली आणि अमेरिकी धनिक हेन्री फिप्स यांच्या देणगीचा आधार घेऊन १९०७ साली कुन्नूरची पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. गावोगावी असेच मेलेल्या शेकडो देशी माणसांसाठी कुणी हळहळलं नाही. पण त्या संस्थेचा फायदा पुढे त्यांच्याच मुलांना झाला, हेही खरं.

कसौलीचे पहिले संचालक डेव्हिड सेम्पल. आयर्लंडमध्ये जन्मलेले लष्करी डॉक्टर. पाश्चर पद्धतीची एक मोठी अडचण त्यांना रोज दिसत होती. सुकवलेला मज्जारज्जू ताजा तयार करावा लागे, त्यात काही प्रमाणात जिवंत विषाणू असे, आणि ते सगळं प्रयोगशाळेच्या दारातच टोचावं लागे. १९११ मध्ये सेम्पल यांनी आपला तोडगा छापला. बाधित जनावराचा मेंदू काढायचा, वाटून पातळ करायचा, त्यात फेनॉल म्हणजे कार्बोलिक मिसळायचं आणि शरीराइतक्या उष्णतेत ठेवून विषाणू पुरता मारून टाकायचा. पुढे भारतात या कामासाठी मेंढीचा मेंदू सोयीचा ठरला, कारण तो मोठा आणि मेंढी मिळायला सोपी.

या तोडग्याचं मोल आज आपल्या ध्यानात येत नाही. मेलेल्या विषाणूची लस बाटलीत भरता येते. बाटली टपालाने पाठवता येते. त्यामुळे रुग्णाने कसौली गाठायची, हा उलटा क्रम संपला आणि लस जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचू लागली. मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. तिथेही ही लस तयार होऊ लागली आणि पश्चिम भारतासाठी परळ हे मोठं ठिकाण झालं. सेम्पल लशीने किती जीव वाचवले याचा नेमका हिशेब कुणालाच करता येणार नाही, पण ती संख्या मोठी आहे. मी या लशीबद्दल पुढे कठोर बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं पाहिजे. १९११ मध्ये याहून चांगलं काही जगात कुणाकडे नव्हतं.

तिची मात्रा मात्र भारी होती. जखम किती गंभीर, त्यावर सात ते चौदा दिवस रोज एक इंजेक्शन. एवढा द्रव दंडात मावत नाही. पोटाची कातडी सैल असते, म्हणून पोट. महाराष्ट्रात ज्यांचं बालपण १९९० च्या आधी गेलं, त्यांना कुत्र्याच्या दातांपेक्षा त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जास्त होती. भटक्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोराला घरची मोठी माणसं याच एका आकड्याने गप्प करत. त्या धास्तीपायी कितीतरी जण दवाखान्यात गेलेच नाहीत, किंवा चार-पाच सुया घेऊन घरी बसले. लशीच्या नुकसानीचा हा भाग कुठल्याच तक्त्यात येत नाही.

दुसरा भाग तक्त्यांत आला, आणि तो मांडणारा माणूस विलक्षण होता. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. प्रकृती ढासळल्याने १९२० मध्ये ते मायदेशी, एडिनबर्गला परतले. तिथे विल्यम कर्मॅक या अंध रसायनशास्त्रज्ञासोबत त्यांनी १९२७ साली साथीच्या रोगांचं गणित मांडलं. करोनाच्या काळात रोज वर्तमानपत्रांत दिसणारे चढते-उतरते आलेख ज्या समीकरणांवर उभे होते, ती ही समीकरणं. त्यांचा पडताळा त्या दोघांनी मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंवर घेतला होता. याच मॅकेंड्रिक यांनी पुढे राष्ट्रसंघासाठी जगभरच्या पाश्चर संस्थांचे अहवाल गोळा करून त्यांची वर्षानुवर्षं छाननी केली. किती जणांना लस दिली, किती वाचले, किती रेबीजने गेले, आणि उपचारानंतर किती जणांना लुळेपणा आला, हे सगळे रकाने त्यांत होते. म्हणजे १९३० च्या दशकात हे दुखणं सरकारी कागदांवर नोंदलेलं होतं. कुणाला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय इतिहासाने आपल्याला ठेवलेली नाही.

कारणही फार काळ गूढ राहिलं नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शंका आली, की दोष विषाणूचा नसून मेंदूच्या ऊतीचा असावा. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा द्रव पुन्हा पुन्हा टोचला. त्यात रेबीज नव्हता, कुठलाही जंतू नव्हता. तरी काही माकडं लुळी पडली, आणि त्यांच्या मेंदूत मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी उखडलेलं दिसलं. १९३३ ते १९३५ मधले हे प्रयोग आहेत. परक्या मेंदूवर तुटून पडायला शिकलेलं शरीर स्वतःच्या मेंदूवरही तुटून पडतं, हे त्यांतून कळलं. या प्रयोगातून जे प्रारूप तयार झालं त्याच्या आधारावर मल्टिपल स्क्लेरोसिसचं पुढचं कितीतरी संशोधन उभं राहिलं. श्रीमंत देशांतल्या एका आजाराचं शास्त्र गरीब देशांतल्या एका लशीच्या दुखापतीतून वाढलं. हे माकडांचे प्रयोग न्यूरॉलॉजीच्या पुस्तकांत मानाने सांगितले जातात. पोटावर सुया घेऊन लुळ्या झालेल्या माणसांचा उल्लेख त्यांत दोन ओळींत आटोपतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुखापतीचं प्रमाण किती, यावर एकमत कधीच झालं नाही. काही संस्थांनी हजारांत एखादा रुग्ण सांगितला, काहींनी त्याहून कितीतरी कमी. पण जिथे न्यूरॉलॉजिस्टने स्वतः रुग्ण शोधले तिथे आकडा वर गेला. बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठातले थिरावत हेमाचुधा यांचं उदाहरण इथे घ्यायला हवं, कारण त्यांनी आपली सगळी कारकीर्द रेबीजला दिली. सेम्पल लशीनंतर मेंदू, मज्जारज्जू किंवा मज्जातंतू दुखावलेले रुग्ण त्यांच्यापुढे सतत येत होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या रिचर्ड जॉन्सन यांच्या गटाबरोबर त्यांनी या रुग्णांचं रक्त आणि पाठीतलं पाणी तपासलं. मायलिन बेसिक प्रोटीन नावाच्या एका प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड त्यात सापडले. हा शोधनिबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. रिव्हर्स यांनी माकडांत जे दाखवलं होतं ते पन्नास वर्षांनी माणसांत, रेणूच्या पातळीवर, सिद्ध झालं. थायलंडने नव्वदच्या दशकातच ही लस बंद केली. श्रीलंकेनेही.

पर्यायी लस तोवर नवी राहिली नव्हती. माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांवर विषाणू वाढवायची युक्ती हिलरी कोप्रॉव्हस्की आणि ताडेउश विक्तोर यांनी साठच्या दशकात साधली. १९७६ साली इराणमधून बातमी आली, की पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्या ४५ जणांना ही नवी लस दिली आणि सगळे जगले. मेंदूचा कणही नाही, इंजेक्शनं मोजकी आणि दंडावर. पण किंमत फार. ऐंशीच्या दशकात पुण्यात ज्याला परवडे तो औषधाच्या दुकानातून परदेशी लस आणी. ज्याला परवडत नसे तो सरकारी दवाखान्यात पोट उघडं करून उभा राही. एकाच शहरात, एकाच गल्लीत, एकाच कुत्र्याने चावलेल्या दोघांच्या मज्जासंस्थेला दोन वेगळे न्याय होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ मध्येच मेंदूच्या लशी सोडून द्याव्यात असं सांगितलं. पुढे अंकलेश्वरला कोंबडीच्या गर्भपेशींवरची लस भारतातच तयार होऊ लागली, उटी-हैदराबादकडे माकडाच्या मूत्रपिंडपेशींवरची. तरीही सरकारी संस्था मेंढ्यांचे मेंदू वाटत राहिल्या. स्वस्त होतं, यंत्रणा बसलेली होती, आणि ज्यांना इजा होई त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नव्हता. भारतात मेंदूच्या लशीचं उत्पादन थांबलं ते डिसेंबर २००४ मध्ये. सल्ल्यानंतर वीस वर्षांनी. ही वीस वर्षं मला कुठल्याही कारणाने पटत नाहीत.

२००६ मध्ये लस कातडीच्या आत अगदी थोडी, ०.१ मिलिलीटर, दोन ठिकाणी टोचण्याला भारतात मान्यता मिळाली. या पद्धतीत एका बाटलीत अनेकांचं भागतं. थायलंडच्या रेड क्रॉसने ती ऐंशीच्या दशकातच वापरून दाखवली होती. गरिबाला महागडी लस परवडणार नाही, हा युक्तिवाद इथे संपला.

२००४ हे वर्ष आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहतं. त्याच शरद ऋतूत अमेरिकेत मिलवॉकीला जीना गीस ही १५ वर्षांची मुलगी, वटवाघूळ चावून रेबीज झालेली, लस न घेता वाचली. रॉडनी विलोबी यांनी तिला औषधांनी बेशुद्धीत ठेवलं होतं. जगभर आशा पालवली. बँकॉकपासून अनेक ठिकाणी हीच पद्धत वापरली गेली आणि रुग्ण एकामागून एक गेले. कॅनडातले न्यूरॉलॉजिस्ट अॅलन जॅक्सन यांनीही आयुष्य या एका रोगाला वाहिलं आहे. त्यांनी पुरावा तपासून ही पद्धत सोडून द्या, असं स्पष्ट लिहिलं. असा नकार लिहायला धैर्य लागतं, कारण त्याने मरणाऱ्या माणसाच्या घरच्यांचा शेवटचा धागा तुटतो. भारतातही थोडे रुग्ण वाचले आहेत. त्यांतल्या एकाविषयी २०१४ साली गोवा मेडिकल कॉलेजच्या न्यूरॉलॉजी विभागातले आरोन डिसूझा आणि बंगळुरूच्या निम्हान्समधले मधुसूदन यांनी लिहिलं. अशा बहुतेक रुग्णांनी चाव्यानंतर लशीचे निदान काही डोस घेतलेले असतात आणि बहुतेकांना पुढे जबर अपंगत्व येतं. वाचणं म्हणजे काय, हा प्रश्न तिथे उरतोच.

पुण्याचं काय, असं वाचक विचारेल. १९५२ मध्ये इथे व्हायरस रिसर्च सेंटर निघालं, रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या भागीदारीत. १९७८ पासून आपण त्याला राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही, म्हणून ओळखतो. डास आणि गोचिडी पसरवतात ते विषाणू हे तिचं मुख्य क्षेत्र, रेबीज नव्हे. पण १९६५ साली नागपूरकडच्या तापाच्या साथीत चांदीपुरा इथल्या दोन रुग्णांच्या रक्तातून प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी जो विषाणू वेगळा केला, तो निघाला रेबीजच्याच कुळातला. बंदुकीच्या गोळीसारखा आकार, तेच घराणं. तेव्हा तो साध्या तापाचा वाटला. २००३ मध्ये आंध्रात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेने बोट ठेवलं ते याच चांदीपुरावर. विदर्भातल्या पालकांना हे नाव आता चांगलंच माहीत आहे. कुत्र्याऐवजी सँडफ्लाय नावाची बारीक माशी, आणि महिन्यांऐवजी काही तास. त्यावर लस अजून नाही.

रेबीजशी पुण्याचं थेट नातं घोड्यांपासून सुरू होतं. १९५४ साली इराणमध्ये एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना फाडलं. ज्यांच्या डोक्याला जखमा होत्या त्यांतल्या पाच जणांना नुसती लस मिळाली, तिघे गेले. तेरा जणांना लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचं सीरमही मिळालं, एकच गेला. लशीने शरीराला स्वतःचे प्रतिपिंड करायला आठवडा-दहा दिवस लागतात. खोल जखमेत, विशेषतः चेहऱ्याच्या, तेवढी उसंत नसते. सीरम तेवढ्यापुरतं रक्षण करतं. हे सीरम घोड्यांच्या रक्तातून मिळे. हाफकिनची घोड्यांची पागा पिंपरीला होती, आणि शर्यतींतून निवृत्त झालेले घोडे पूनावाला यांच्या स्टड फार्मवरून हाफकिनला जात. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली ती याच अनुभवावरून. घोडे आपले, तर सीरमही आपणच का करू नये, हा साधा विचार.

घोड्याच्या सीरमची एक अडचण होती. ते काहींना सोसत नाही. माणसाच्या रक्तातून काढलेलं सीरम सोसतं, पण ते दात्यांवर अवलंबून, महाग आणि कायम तुटपुंजं. त्यामुळे भारतात रक्ताळलेल्या जखमांच्या बहुसंख्य रुग्णांना लस मिळे आणि सीरम मिळतच नसे. यावर उत्तर निघालं ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स आणि सीरम इन्स्टिट्यूट यांच्या भागीदारीतून. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरच्या एका प्रथिनाला घट्ट पकडणारा एकच मानवी प्रतिपिंड निवडायचा आणि तो पेशींच्या टाक्यांत हवा तेवढा वाढवायचा. घोडा नको, दाता नको. भारतातल्या चाचणीत रक्ताळलेल्या चाव्यांचे २०० रुग्ण होते, निम्म्यांना हा नवा प्रतिपिंड आणि निम्म्यांना मानवी सीरम, सगळ्यांना लस. या चाचणीचा अहवाल लिहिणाऱ्यांत मुंबईच्या केईएमच्या डॉ. नित्या गोगटे पहिल्या. कुणालाही रेबीज झाला नाही. नवा प्रतिपिंड मानवी सीरमच्या तुलनेत निकृष्ट ठरला नाही. मात्रा वजनाच्या दर किलोला ३.३३ युनिट, मानवी सीरमची २०. २०१७ च्या सुमारास तो 'रॅबिशील्ड' या नावाने बाजारात आला, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मोनोक्लोनल प्रतिपिंडांना मान्यता दिली. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हा प्रतिपिंड जखमेतच भरायचा आणि दंडावर लस घ्यायची. कसौलीच्या वाटेवर मेलेल्या माणसाला यांतलं पहिलंही कुणी सांगितलं नव्हतं.

इतकं असूनही माणसं मरतात. २००३ च्या देशव्यापी पाहणीने वर्षाला २०,५६५ मृत्यूंचा अंदाज दिला होता. २०२२-२३ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत तो ५,७२६ आला. घट मोठी आहे, आणि माझ्या मते तिचं बरंचसं श्रेय दंडावरच्या त्या मोजक्या सुयांना आहे. पण चावा होतो कुत्र्याचा, आणि कुत्रा मेडिकल कॉलेजच्या अखत्यारीत येत नाही. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी बेवारस कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळींनी रस्त्यावर उतरून दंगल केली होती. त्यांच्या धर्मात कुत्र्याला स्थान आहे. तेव्हापासून आजपर्यंत आपला वाद कुत्री मारायची की पाळायची यावरच अडून बसला आहे.

शेजारच्या गोव्याने २०१३ पासून वेगळा रस्ता धरला. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी कुत्र्यांनाच लस टोचायची ठरवलं. जाळी घेतलेली पथकं, हातात मोबाइल, प्रत्येक गल्लीतलं कुत्रं नकाशावर नोंदलेलं. वर्षाला ९५,००० हून जास्त कुत्र्यांना लस, म्हणजे दर दहांतल्या सातांना. शाळांतून दरवर्षी दीड लाख मुलांना चाव्यानंतर काय करायचं हे शिकवलं गेलं. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज महिन्यामागे ९२ टक्क्यांनी घटला, आणि माणसांतले मृत्यू शून्यावर आले. २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. या मोहिमेचा खर्च जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार अतिशय किफायतशीर ठरला. महाराष्ट्रातल्या एकाही जिल्ह्याने हा हिशेब अजून गोव्याच्या प्रमाणात मांडून पाहिलेला मला दिसत नाही. सावंतवाडी-दोडामार्गची हद्द ओलांडणाऱ्या कुत्र्याला कुठलं राज्य कुठे संपतं हे कळत नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करता येईल.